म्हातारी कुणाच्या हद्दीत

१३ सप्टेंबर, शनिवार

अनया आली आणि मला कामाला लावून गेली. माझी नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रबंध लिहिते आहे. विषय: अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला गरिबांचा कायदा. त्या काळातली कागदपत्रं स्कॅन करून कॉलेजने संगणकावर ठेवली आहेत, आणि या विदुषीला कर्सिव्ह वाचता येत नाही! शाळेत शिकवलंच नाही म्हणे. "आजी, इट लुक्स लाइक नूडल्स," म्हणाली. मी म्हटलं, आण इकडे. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इग्नेशियाने आमच्या हातांना जे वळण लावलं, ते या देशात चाळीस वर्षं पॅथॉलॉजी करूनही गेलेलं नाही.

बरं झालं काम मिळालं ते. वेस्ट विंडसरला मी मे महिन्यापासून आहे, मुलाकडे. उन्हाळा सुमंतकडे न्यू जर्सीत, हिवाळा सावनीकडे शुगर लँडला, असं दोघा भावाबहिणीने ठरवलं. खुबा मोडला, माझं शुगर लँडचं घर विकलं गेलं, आणि गाडी चालवायचं लायसन्स कुणी पुन्हा काढूच दिलं नाही. इथे दारासमोर सुंदर फूटपाथ आहे. तो कॉलनीच्या टोकापर्यंत जातो आणि गवतात संपतो. रोज तिथपर्यंत जाते, गवताकडे बघते, परत येते.

झोपायला मला खालची खोली दिली आहे. छत्र्या, बूट आणि सासू, सगळं खालच्या मजल्यावर. सून नीला हिचं ऑफिस होतं तिथे. ती आता वर कपड्यांच्या खोलीवजा क्लॉझेटमध्ये टेबल लावून बसते आणि दिवसभर मीटिंगा करते. मी अडचण झाले हे दाखवायची ही एक तऱ्हा.

१७ सप्टेंबर

अनयाच्या कागदांत हॅना पर्क नावाची विधवा आहे. साल १७६८. कायदा असा की गरिबाला मदत करायची ती त्याच्या स्वतःच्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाने. मग तुझं गाव कुठलं यावरून भांडण. त्या हक्काला सेटलमेंट म्हणत. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची सेटलमेंट मिळते. माहेरची गेली. नवरा मेला तरी त्याचीच चालू.

हॅना राहायची ऑर्डनला. नवरा मेल्यावर मदत मागायला गेली, तर ऑर्डनचे लोक म्हणाले, तुझा नवरा लग्नाआधी मार्डल गावी एका शेतकऱ्याकडे वर्षभर गडी होता, तेव्हा तू मार्डलची. दोन मॅजिस्ट्रेटनी हुकूम काढला, बाईला गाडीत घातलं आणि मार्डलच्या ओव्हरसियरच्या, म्हणजे गरिबांची मदत वाटणाऱ्या कारभाऱ्याच्या, दारात नेऊन उतरवलं. मार्डलने अपील केलं: तो गडी वर्ष भरायच्या आधीच सुटला, सबब ही आमची नव्हे.

आणि शेतकऱ्याने त्याला मुद्दामच वर्ष भरू दिलं नव्हतं! भरलं असतं तर गडी गावाच्या गळ्यात पडला असता. म्हणजे ठेवायचा, राबवून घ्यायचा, आणि मुळं धरायच्या आत उपटायचा. वाचताना माझं डोकं असं तापलं की मी चहा न घेताच उठले.

२४ सप्टेंबर

या घरात एकदाच विचारतात.

"आई, आणखी पोळी?" नीला विचारते. मी म्हणते, "नको." आणि पोळ्यांचा डबा बंद! झाकण लावल्याचा आवाज येतो. आमच्या घरी पाहुण्याने 'नको' म्हटलं की वाढणाऱ्या बाईचा हात खरा पुढे सरायचा. अर्धी घ्या, चतकोर घ्या, माझ्यासाठी घ्या. पहिल्या खेपेला 'हो' म्हणणारा माणूस हावरट. नीला जन्मली आणि वाढली पार्सिपनीत. तिच्या आईवडिलांनी तिला मराठी शिकवलं, पण आग्रह शिकवायचा राहिला. काल डॉक्टरने वजन केलं आणि भुवया वर केल्या. नीला म्हणाली, "शी डझन्ट ईट मच." काय सांगणार?

ऑगस्टमध्येही हेच. मी सुमंतला म्हटलं, "मला कुणाच्या घरी ओझं व्हायचं नाही. माझ्यासाठी एखादी जागा बघा." कुठल्याही मुलाने यावर ताडकन उठायला हवं होतं. तो म्हणाला, "ओके आई. इफ दॅट्स व्हॉट यू वॉन्ट." त्यानंतर आठवड्याला एका वृद्धनिवासाची लिंक पाठवतो. तळ्याकाठची जागा, योगवर्ग, शाकाहारी स्वयंपाक.

५ ऑक्टोबर, रविवार

नीला दुपारी खोलीच्या दारात आली. आत नाही, दारात. हातात चहाचा कप, माझ्यासाठीच आणलेला, पण द्यायचा विसरून तशीच उभी.

"आई, तुम्ही इथेच राहा ना. आमच्याकडे. विंटरमध्ये पण. ऑगस्टमध्ये विचारलं तेव्हा तुम्ही नको म्हणालात, पण आय मीन इट."

"कशाला गं? तुझी खोली अडवून बसलेय आधीच."

"ती मला नकोय खोली."

"असं म्हणायचं असतं," मी म्हटलं. "मला समजतं. नको."

ती उभी राहिली. मी वाट बघितली. मग म्हणाली, "ओके," आणि गेली. कप परत घेऊन गेली.

बोलावणं असं असतं का? दारातून?

११ ऑक्टोबर

ऑर्डनच्या कागदात एक ओळ सापडली. मदत घेणाऱ्याने उजव्या खांद्यावर कापडी अक्षर शिवून घ्यायचं: पी, म्हणजे पॉपर, भिकारी, आणि शेजारी गावाचं आद्याक्षर. लाल किंवा निळं. मला आठवलं, मराठीत बोललेल्या मुलीच्या गळ्यात सिस्टर लाकडी पट्टी अडकवायच्या, आणि ती पट्टी दुसरी कुणी सापडेपर्यंत काढायची नाही. मी ती एकदाच घातली आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाही, कुठल्याच भाषेत. मला मदत नको, खांद्यावर अक्षर नको. हॅनाने ते कसं सहन केलं कोण जाणे.

२० ऑक्टोबर, दिवाळी

नीलाचे वडील पार्सिपनीहून फराळाला आले. प्रल्हादराव. निवृत्त इंजिनिअर, पत्नी जाऊन दोन वर्षं झाली, आणि माणसाला संकोच म्हणून नाही.

"बाबा, चकली?"

"आण!"

"आणखी?"

"विचारतेस काय, डबाच ठेव इथे. आणि जाताना बांधून दे."

मी बघत राहिले. एकदाही नको म्हणून नाही! मला म्हणतात, "विहीणबाई, तुम्ही घेत नाही काही? डाएट का?"

"पोट भरलंय," मी म्हटलं. सकाळपासून अर्धी करंजी पोटात होती.

मग सगळ्यांसमोर, पणत्या लावता लावता, नीलाने पुन्हा विषय काढला. "आई, सुमंतने ती जागा बघितलीय, पण आम्हाला तुम्ही इथे हव्या आहात. लास्ट टाइम विचारते. राहाल?"

सगळ्यांसमोर! व्याह्यांसमोर! आता मी काय 'हो, राहते' म्हणून पदर पसरायचा? 'लास्ट टाइम' हा काय शब्द आहे? बसस्टॉपवर ड्रायव्हर विचारतो तसा.

"माझं ठरलंय," मी म्हटलं. "जागा बघा. नक्की म्हणजे नक्की."

नीलाच्या हातातली काडी बोटापर्यंत जळली. तिने ती सिंकमध्ये टाकली आणि बोट नळाखाली धरून बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. भाजलं असणार. मुली हल्ली नाजूक.

प्रल्हादराव म्हणाले, "पार्सिपनीत मी एकटा, आणि एवढं मोठं घर. तुम्ही भाग्यवान, तुम्हाला चॉइस आहे." चॉइस!

९ नोव्हेंबर

सावनीचा फोन. मी कधी येऊ हे विचारलं नाही, कळव एवढंच म्हटलं. ठरल्याप्रमाणे हिवाळ्याला तिनेच बोलवायचं.

"आई, यंदा कसं करायचं? आमच्या दोघांच्या ड्यूट्या, घरात सगळे जिने. आणि दादा म्हणाला तुला तिकडेच ती जागा आवडलीय."

"कुणी सांगितलं आवडलीय?"

"तूच नाही का सांगितलंस? आणि बाबा गेले तेव्हा मी किती म्हटलं, माझ्याकडे ये कायमची. तर तू म्हणालीस, मुलीच्या घरी राहत नाहीत."

"म्हटलं असेल."

"मग? मी तुझा शब्द मोडायचा का?"

हो! मोडायचा! लहानपणी माझा एक शब्द ऐकला नाहीस आणि आता पन्नाशीला आल्यावर आज्ञाधारक झालीस! हे मनात. तोंडाने म्हटलं, "नाही, नाही. तुझं बरोबर आहे."

ऑर्डन म्हणतं मार्डलची, मार्डल म्हणतं ऑर्डनची. दोन्हीकडे पुरावा म्हणून माझीच जबानी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हॅनाचा निकाल लागला. मी वाचून दाखवला, अनयाने टाइप केला. कोर्ट म्हणालं, वर्ष भरलं नाही म्हणून ती मार्डलची नाही. मग ऑर्डनने नवा शोध लावला: नवऱ्याला स्वतःची सेटलमेंट मिळालीच नव्हती, तर त्याला बापाची लागू, आणि बाप होता पेल्बीचा. पेल्बी! हॅनाने ते गाव जन्मात पाहिलं नव्हतं. नवऱ्यानेही पाहिलं होतं की नाही कोण जाणे. तिला पुन्हा गाडीत घालून तिकडे रवाना केलं.

मी खुर्चीतून उठले. "एका तरी गाढवाने तिला विचारलं का, बाई तुला कुठे राहायचंय? पानंच्या पानं जबानी! नवरा कुठे राबला, सासरा कुठे मेला. हिला काय हवं ते नाही!"

अनया म्हणाली, "लॉमध्ये तो क्वेश्चनच नाही, आजी. शी कॅन्ट चूज." मग माझ्याकडे बघत राहिली. "तुला विचारलं ना पण? ममाने?"

"विचारलं."

"अँड?"

"मी नको म्हटलं."

"बिकॉज यू डोन्ट वॉन्ट टु."

"कुणी सांगितलं मला नकोय म्हणून?"

तिचं तोंड उघडंच राहिलं. "वेट. तुला इथे राहायचंय?"

"अनया, विचारायची एक रीत असते. पहिल्यांदा विचारतात, आपण नको म्हणतो. दुसऱ्यांदा विचारतात, आपण जरा कमी नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारत नाहीत. हात धरतात, बॅग आत नेऊन ठेवतात आणि म्हणतात, गप्प बसा, कुठे जायचं नाही. इतकं साधं आहे."

"आजी, ममाला हे कसं कळणार? तू नको म्हणालीस की ती रडते, माहितेय तुला? वरच्या क्लॉझेटमध्ये बसून. शी थिंक्स यू हेट हर."

"काहीतरीच."

"मी सांगू तिला?"

"खबरदार! सांगून झालेला आग्रह म्हणजे भीक. माझी शपथ घालून ठेवते तुला."

शपथ म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं. मग कबूल झाली. क्लॉझेटमध्ये बसून म्हणे! मीटिंगा असतात तिच्या तिथे.

२२ नोव्हेंबर

नीला वरून खाली आली तेव्हा डोळे लाल होते. स्क्रीनने होतात.

मी म्हटलं, "चहा घेतेस?" म्हणाली, "नको." मी केला आणि तिच्यासमोर ठेवला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुठली वेगळीच बाई आहे. सगळा प्यायली.

६ डिसेंबर, शनिवार

आज ती जागा बघायला नेलं. सुमंत, नीला, मी. सावनी फोनच्या पडद्यावर, टिश्यूच्या डब्याला टेकवून ठेवलेली.

जागा वाईट नाही. तेच जास्त वाईट. कॉरिडॉरमध्ये फोडणीचा आणि सॅनिटायझरचा एकत्र वास. भजनाची खोली, कॅरमची खोली. सोफ्यावर बसलेल्या एका गुजराती बाईंनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. "नवी?"

"बघायला आलेय फक्त," मी म्हटलं.

"मी पण बघायलाच आले होते," त्या म्हणाल्या. "त्याला चार वर्षं झाली."

खोलीला खिडकी आहे. खिडकीतून पार्किंग दिसतं आणि त्यापलीकडे हायवे, त्यावर गाड्या, सगळ्या कुठेतरी जाणाऱ्या.

मग ऑफिसमध्ये बसलो. ओकाफोर म्हणून संचालिका आहेत, उंच, शांत, लेखणी हातात. सुमंतने सगळं सांगितलं: खुबा, जिने, आईची इच्छा. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवून इंग्रजीत विचारलं.

"डॉक्टर, मुलांचं मला समजलं. तुम्हाला स्वतःला कुठे राहायला आवडेल?"

मी थांबले. कुणीतरी आता बोलेल म्हणून. सुमंत स्वतःच्या हातांकडे बघत होता. सावनी पडद्यावर न हलता, फोटोसारखी. नीला माझ्याकडे बघत होती, पण ओठ घट्ट मिटून. तिघंही माझ्या उत्तरात ढवळाढवळ होऊ नये म्हणून जपत होती. हा यांचा आदर! कुणी माझा हात धरणार नव्हतं. आज नाही आणि कधीच नाही. ओकाफोरबाईंनी विचारलं होतं आणि त्यांना पुढचं माणूस बोलवायचं होतं.

'सर्टनली, आय शॅल बी व्हेरी हॅपी हिअर.' वाक्य तयार होतं, सिस्टर इग्नेशियाच्या उच्चारासकट. ते बाहेर येईना. जे आलं ते मराठीत आलं.

"मला घरी राहायचंय. नीलाकडे."

"व्हॉट?" सुमंत म्हणाला.

"आई?" पडद्यातून सावनी. "आई, काय म्हणालीस?"

नीलाने तोंडावर हात ठेवला. मग हात काढला. "पण मी विचारलं, आई. थ्री टाइम्स विचारलं."

"हो. विचारलंस."

"मग नको का म्हणालात?"

ओकाफोरबाई माझ्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या वेळात पद्धत समजावून सांगता येत नाही. अनयाला सांगायला एक दुपार लागली होती.

"म्हणायचं असतं," मी म्हटलं.

नीला रडायलाच लागली. "आई, बाबा येतायत. तुमच्या खोलीत. तुम्ही नक्की म्हणालात म्हणून मी त्यांना विचारलं थँक्सगिव्हिंगला. त्यांनी पार्सिपनीच्या घराचा सौदाही करून टाकला. न्यू इयरला येतायत. खाली एकच रूम, एकच बाथरूम, आणि त्यांचे गुडघे..."

"ते काय म्हणाले विचारल्यावर?"

"हो म्हणाले."

"लगेच?"

"मी पूर्ण विचारायच्या आधी."

सुमंत उठून उभा राहिला. "आई, लुक, आपण काहीतरी करू. बाबांशी मी बोलतो. दे कॅन..."

"खाली बस," मी म्हटलं. "त्यांच्याशी काही बोलायचं नाही. ते विचारल्यावर हो म्हणाले आणि घर सोडून बसले. आता त्यांना कुठल्या गावी पाठवणार? गाडीत घालून दारोदार फिरवणार? एका घरातून एका वेळी एकाच म्हाताऱ्या माणसाला अन्यायाने पाठवायचं असतं. द्या तो अर्ज, मी सही करते."

"आई, नको," नीला म्हणाली. आणि लगेच पुन्हा, "नको ना. माझ्यासाठी नको." तिसऱ्या खेपेला थेट माझं मनगट धरलं, लेखणी पकडलेलं. घट्ट. पार्सिपनीच्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

रीत बिनचूक झाली. फक्त खोली उरली नव्हती. तिचा हात मी तसाच राहू दिला आणि तो धरलेला असतानाच सही केली. अक्षर वाकडं आलं.

परत येताना सुमंत मागे बसला, मी पुढे. नीला चालवत होती. मला राग होताच, आहेच. यांच्यावर, सावनीवर, चकल्या खाणाऱ्या त्या माणसावर. चूक माझी आहे असं मला आजही वाटत नाही. जगात सगळीकडे माणसं अशीच बोलायची, मी काय नवं काढलं? पण ज्या गावात राहायचं तिथले लोक ज्या भाषेत ऐकतात, ती मला पंचेचाळीस वर्षांत आली नाही असं दिसतंय. इंग्रजी येते. ती नाही.

"नीला," मी म्हटलं, "तिथे गेल्यावर रविवारी मला न्यायला ये."

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. घरी. जेवायला."

"ऑफ कोर्स. कुठल्या रविवारी?"

'तुला जमेल तेव्हा, मुद्दाम नको गं त्रास घेऊस' हे जिभेच्या टोकावर आलं होतं. ते परत गिळलं.

"दर रविवारी," मी म्हटलं. "आणि पोळ्या दोन लागतात मला. कधी तीन."

"ओके," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.